चार्ज यादीत नसलेलं पान

बदलीचा आदेश निघाला किंवा कुणी निवृत्त झालं की शाळेत चार्जची देवाणघेवाण होते. टेबलावर एकेक वस्तू मांडली जाते. जनरल रजिस्टर, कीर्द, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंदवही), पोषण आहाराची साठा नोंदवही, शिक्के, पासबुक, कपाटाच्या चाव्या. तांदूळ किती किलो शिल्लक आहे ते वजन करून लिहितात. देणारा सही करतो, घेणारा सही करतो, कोपऱ्यावरून चहा येतो आणि शाळेला नवा मुख्याध्यापक मिळतो.

बीड जिल्ह्यातल्या एका सात वर्गांच्या जिल्हा परिषद शाळेचा चार्ज मी असाच घेतला. त्याआधी सतरा वर्षं वर्गात शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी टपाल आलं, तिसऱ्या दिवशी तांदळाची गाडी आली, चौथ्या दिवशी एका शिक्षकांनी रजेचा अर्ज पुढे ठेवला. पाचव्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं, की चार्ज घेतल्यापासून मी माझा तास सोडून एकाही वर्गात पाऊल टाकलेलं नाही. दोनशे मुलांच्या त्या शाळेत वाचता न येणारी मुलं किती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तांदळाचा मात्र किलोकिलोचा हिशोब माझ्याकडे होता.

पुढे मी केंद्रप्रमुख झाले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाची देखरेख माझ्याकडे आली, तेव्हा हीच गोष्ट शाळेमागून शाळेत पाहिली. म्हणून हा विषय मनाला लागून राहिला आहे. सरकारी कागदात त्याला 'शालेय नेतृत्व' आणि 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' म्हणतात. शब्द जड आहेत, पण मूळ प्रश्न साधा आहे. शाळा चालवायचं काम माणसाला कोण शिकवतं, आणि ते कसं शिकता येतं?

घरी चौघांचा उत्तम स्वयंपाक करणारी बाई लग्नघरी पाचशे पानांची पंगत सांभाळेलच असं नाही. तिथे हाताला चव असून भागत नाही. किती चुली लागतील, कुणाला कणकेला बसवायचं, कुणाला वरणापाशी, मीठ कमी पडलं तर कुणाला पळवायचं, हे वेगळंच कसब आहे. वर्गात शिकवणं आणि शाळा चालवणं यांचं नातं असंच आहे. आपल्याकडे मुख्याध्यापकपद बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेनं मिळतं. ज्येष्ठतेचा मान असावाच. पण ज्येष्ठतेबरोबर हे दुसरं कसब आपोआप येतं असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथे होतो.

त्यात लहान शाळांची गोष्ट आणखी अवघड. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर गेला तर स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी शंभराच्या वर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आता मराठवाड्यातल्या वाड्या, वस्त्या, तांडे डोळ्यांसमोर आणा. दोन शिक्षकी शाळेत जो ज्येष्ठ, तो मुख्याध्यापक. त्याच्यासमोर दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसलेल्या, खिशातल्या मोबाईलवर ग्रुपमध्ये 'तात्काळ माहिती सादर करा' असा मेसेज, आणि माहिती नसेल तर 'निरंक' तरी कळवायचंच. या माणसाला 'तुम्ही नेतृत्व करा' असं म्हणताना आपण त्याच्याकडून नेमकं काय मागतोय ते आधी स्पष्ट हवं.

कारभार आणि नेतृत्व

कारभार म्हणजे शाळा नीट चालणं. हजेरी, आहार, पगारबिलं, यू-डायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारीची) माहिती, समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान (शंभराच्या वर, अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला ५० हजारांचा निकष आहे), त्या पैशाची कीर्द. हे सगळं लागतंच. कीर्द चुकलेल्या मुख्याध्यापकाला रात्रीची झोप येत नाही, मग तो वर्गात काय बघणार? त्यामुळे कारभाराला हलकं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

नेतृत्व म्हणजे शाळेत मुलं शिकतील याची जबाबदारी घेणं, आणि त्यासाठी शिक्षकांना वाढवणं. कॅनडातले केनेथ लीथवूड आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली या विषयावरचं बरंच संशोधन एकत्र तपासलं. शाळेच्या हातातल्या ज्या गोष्टींनी मुलांच्या शिकण्यावर फरक पडतो, त्यांत वर्गातल्या अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचा नंबर लागतो, असा त्यांचा निष्कर्ष. २००८ साली न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी पुढचा प्रश्न विचारला: मुख्याध्यापक नेमकं काय करतो तेव्हा हा फरक पडतो? ध्येय ठरवणं, साधनं आणि पैसा योग्य जागी लावणं, अध्यापनाचं नियोजन व निरीक्षण, शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणं, शाळेत शिस्त आणि सुरक्षितता ठेवणं, अशा पाच गोष्टी त्यांनी तपासल्या. सर्वांत मोठा परिणाम शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होण्याचा निघाला. शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून स्वतः ऑफिसात बसणारा मुख्याध्यापक आणि शिक्षकांच्या शेजारी बसून 'हे मलाही नीट येत नाही, बघू या' म्हणणारा मुख्याध्यापक, या दोघांत फरक आहे तो इतका.

वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते कसं दिसतं, त्याचा एक प्रसंग सांगते.

तिसरीचा वर्ग. नुकतेच शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेले सर वजाबाकी शिकवत होते. फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस. मी मागच्या रांगेत एका पोराशेजारी जमिनीवर बसले. सर फळ्यावर उत्तर लिहिण्याआधीच त्यानं पाटीवर ३५ लिहिलं होतं. मग फळ्यावर २५ आलं, तसं त्यानं थुंकी लावून तीनचा आकडा पुसला आणि तिथे दोन लिहिला. सरांनी पाट्या बघितल्या, सगळ्यांचं बरोबर. वर्ग खूश.

या तासानंतर शेरेबुकात काय लिहिलं जातं, ते मला पाठ आहे. 'वर्गास भेट दिली. अध्यापन समाधानकारक. योग्य ते मार्गदर्शन केले.' मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच लिहिलं. त्या दिवशी लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत सरांना विचारलं, "मागच्या रांगेतल्या पोरानं आधी पस्तीस लिहिलं होतं. कसं आलं असेल त्याला?"

सर जरा गडबडले. "फळ्यावरचं तर सगळ्यांनी बरोबर उतरवलंय, मॅडम."

"फळ्याच्या आधीचं विचारतेय."

त्यांनी हातावर बोटानं मांडलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. "अरेच्चा! त्यानं मोठ्यातून लहान वजा केलंय. खालचं-वरचं बघितलंच नाही." मग थोडं थांबून स्वतःच म्हणाले, "त्याला दशक सुटा करायचा हेच कळलेलं नाही."

"मग उद्या काय करता?"

दुसऱ्या दिवशी सरांनी शेतातून तुराट्या आणल्या, सारख्या तोडल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पोरापुढे ठेवल्या आणि म्हणाले, यातल्या सत्तावीस मला दे. पोरानं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि अडकलं. बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसलं. मग हळूच एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. त्या वर्गात आधी पस्तीस लिहिणारी मुलं एकूण नऊ निघाली.

यात मी सरांना काहीही शिकवलं नाही. नवं तंत्र सांगितलं नाही, गुण दिले नाहीत. मुलाच्या पाटीवर जे दिसलं ते त्यांच्यापुढे ठेवलं, एक प्रश्न विचारला आणि आठ दिवसांनी पुन्हा वर्गात गेले. निरीक्षणाचं कसब म्हणतात ते एवढंच. कुठे बसायचं, काय बघायचं, त्याच दिवशी कसं बोलायचं आणि परत कधी जायचं. हे कसब शिकता येतं. पण व्याख्यान ऐकून येत नाही.

प्रशिक्षण होतं, मग राहतं कुठे?

आपल्याकडे व्यवस्था नाही असं नाही. एका बाजूला प्रशासनाची साखळी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. दुसऱ्या बाजूला शैक्षणिक मदतीची साखळी: तालुक्याला गटसाधन केंद्र, जिल्ह्याला डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), राज्याला पुण्याची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद). डाएट ही कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आली. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनासाठीची राज्याची संस्था, मिपा, तर आपल्या छत्रपती संभाजीनगरलाच आहे. दिल्लीला नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ साली राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झालं. त्यांनी नेतृत्वाचा जो अभ्यासक्रम बांधला, त्यात स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, गावाशी भागीदारी असे भाग आहेत. २०१९ साली निष्ठा प्रशिक्षण आलं, त्यात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकही होते. पुढे दीक्षा या सरकारी शिक्षण-मंचावर तेच ऑनलाइन झालं.

तरीही मी तालुक्याच्या सभागृहातली जी प्रशिक्षणं पाहिली, त्यांतली बरीचशी अशीच गेली: दोन दिवस, शंभर माणसं, पडद्यावर स्लाइड, सुलभक ती वाचून दाखवतोय, मागच्या रांगेत मोबाईलवर पोषण आहाराची माहिती भरणं चालू, चार वाजता सह्या. एकदा मी स्वतः सुलभक होते आणि 'मुख्याध्यापकांनी वर्गनिरीक्षण कसं करावं' हे दोन तास बोलले. एकाही वर्गात कुणाला घेऊन गेले नाही. शाळा समोर रस्त्याच्या पलीकडे होती. आज त्याचं वाईट वाटतं.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल जे मांडलं, ते इथे फार उपयोगी आहे. नुसती माहिती सांगितली तर ती समजते, पण वर्गात फारशी उतरत नाही. करून दाखवलं, करायला लावलं तर थोडी भर पडते. पण माणूस आपल्या जागी परत गेल्यावर कुणीतरी सोबत राहून, पुन्हा पुन्हा बघून मदत केली, तेव्हाच ती सवय होते. पोहायला शिकवणारा विहिरीत उतरतो, काठावरून पुस्तक वाचून दाखवत नाही. गावाकडे हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गाठ आहे. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट आहे. अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रशिक्षण पगाराला बांधलं गेलं की प्रमाणपत्र हीच कमाई वाटू लागते. मुख्याध्यापक झाल्यावर मात्र, म्हणजे खरी गरज लागते तेव्हा, पहिल्या महिन्यात हात धरणारं कुणी नसतं.

पन्नास तासांचं काय करायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, की शिक्षकांना वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत. मुख्याध्यापक आणि शाळा संकुलाच्या (शेजारच्या शाळांच्या गटाच्या) प्रमुखांनाही तसेच ५० तास. हे तास ऐकून आमच्या केंद्रातले मुख्याध्यापक आधी दचकले. "म्हणजे अजून पन्नास तास शाळा सोडायची?" मग आम्ही कागद घेऊन बसलो.

केंद्रातल्या शाळांची महिन्याला एक शिक्षण परिषद होतेच. वर्षाच्या दहा परिषदा, प्रत्येकी तीन तास, झाले तीस तास. या परिषदेत पत्रवाचन आणि सूचनाच चालल्या तर ते तीस तास वाया. आम्ही पत्रं ग्रुपवर टाकायची असं ठरवलं आणि परिषद दर वेळी वेगळ्या शाळेत घेतली. पहिला तास वर्गात बसायचं, पाच-सहा जणांनी एकच तास बघायचा, मग त्यावर बोलायचं. यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपली एक अडचण मांडायची. यश मांडायला सगळे तयार असतात, अडचण मांडायला पहिले चार महिने कुणी पुढे आलं नाही. पाचव्या महिन्यात एका तांड्यावरच्या गुरुजींनी सांगितलं, "मला गोरमाटी, म्हणजे तांड्याची बंजारा बोली, येत नाही, आणि पहिलीच्या लेकरांना मराठी येत नाही. मी तीन वर्षं झाली, हातवारे करून शिकवतोय." खोलीत शांतता झाली. मग दुसऱ्या तांड्यावरच्या बाईंनी आपली वही काढली. त्यात त्यांनी मुलांकडूनच विचारून घेतलेले शंभरेक गोरमाटी शब्द आणि त्यापुढे मराठी शब्द लिहिलेले होते. त्या दुपारी ग्रुपवर त्या वहीचे फोटो गेले. माझ्या सबंध नोकरीतलं सर्वांत चांगलं प्रशिक्षण ते.

उरलेले वीस तास? दहा तासांत दोन दिवस जोडशाळेची भेट. दोन मुख्याध्यापकांची जोडी, एकमेकांच्या शाळेत पूर्ण एक दिवस. बाकी दहा तास वाचन, दीक्षावरचे घटक, किंवा कीर्द आणि संगणकाचं काम पक्कं करणं, ज्याला जे कच्चं असेल ते.

शेजारच्या शाळा एकमेकींना धरून चालाव्यात हा विचार जुनाच आहे. कोठारी आयोगानं (१९६४ ते ६६) शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. केंद्रप्रमुखाचं पद त्याच धाग्यातलं. पण केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा आणि त्यावर माहिती गोळा करण्याचं काम. तो टपालवाला झाला की संकुल कागदावर राहतं.

ऑक्टोबर महिना

बीडमध्ये शाळेच्या नेतृत्वाची खरी परीक्षा दसऱ्याच्या आसपास असते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात, बिऱ्हाडाबरोबर लेकरंही जातात, ती थेट मार्च-एप्रिलला परततात. हजेरीपटावर एका आठवड्यात रिकाम्या रांगा दिसू लागतात. याच्यावर मुख्याध्यापकाचं काही चालत नाही, असं बरेच जण मानतात. मीही मानत होते.

पण कारभार आणि नेतृत्व यांतला फरक मला इथेच नीट कळला. कारभार काय करतो? मुलं गेल्यावर नोंद घेतो, गेलेल्या मुलांना शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून) देतो, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवतो. नेतृत्व ऑगस्टमध्येच सुरू होतं. पोळ्याच्या आधी घरोघर जाऊन कोण जाणार, कुणाची आजी मागे राहणार, कुणाच्या पाठीवर धाकटं भावंड आहे ही यादी करायची. आजीशी बोलायचं, कारण मूल ठेवायचं की न्यायचं हे बरेचदा आजीच्या 'हो'वर ठरतं. एका आजींनी मला सरळ सांगितलं, "ठेवून घेईन, पण रातच्याला दुखलं-खुपलं तर दवाखान्यात कोण नेणार?" त्या रात्री गावातल्या दोन तरुणांचे नंबर मी त्यांच्या घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून आले. ती मुलगी त्या वर्षी गावात राहिली.

यासाठी शाळा व्यवस्थापन समिती कामाला येते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सह्यांपुरती घेतली तर सह्याच मिळतात. ऊसतोड करणाऱ्या घरातली एखादी आई समितीत असेल, आणि बैठक तिच्या कामाच्या वेळा बघून संध्याकाळी ठेवली, तर यादी करण्याचं अर्धं काम तीच करते.

मराठवाड्यात शाळाप्रमुखानं गावात उतरणं ही नवी गोष्ट नाही. निजामाच्या राजवटीत स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि तिथून अंबाजोगाईच्या शाळेत गेले. आज आपल्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीला हा वारसा आहे, हे नव्या माणसाला चार्ज देताना कुणीतरी सांगायला हवं.

आता वेळेचं. मुख्याध्यापक मला नेहमी विचारतात, वर्गात जायला वेळ कुठून आणायचा? प्रामाणिक उत्तर असं, की सगळा वेळ त्यांच्या हातात नाही. कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत म्हणतं. ते पाळणं वरच्यांच्या हातात आहे, आणि ते मागत राहायला हवं. आपल्या हातात उरतो तो आठवड्यातला एखादा ठरलेला अर्धा तास. मी मंगळवार आणि शुक्रवार, परिपाठानंतरचा अर्धा तास धरला. त्या वेळात फोन टेबलाच्या खणात. पहिल्या महिन्यात दोनदा वरून फोन आला, 'उचलला का नाही' म्हणून विचारणा झाली. मी वर्गात होते, असं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारणा झाली नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या केंद्रातले एक मुख्याध्यापक निवृत्त झाले. चार्ज देताना मी तिथे होते. रजिस्टरं झाली, चाव्या झाल्या, तांदूळ मोजून झाला. सही करायच्या आधी त्यांनी वहीचं एक पान फाडून यादीला टाचणीनं जोडलं. त्यावर चौदा मुलांची नावं होती. प्रत्येकापुढे एक ओळ: 'जोडाक्षरं अडतात', 'काना-मात्रा येतात, वेलांटी नाही', 'वाचते, पण मोठ्यानं वाचायला लाजते', 'ऑक्टोबरमध्ये जाणार, आजीशी बोलणे'. चार्ज घेणाऱ्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि खालच्या सहीशेजारी आकड्यात लिहिलं: मुलं १४, मिळाली.